बाळंतपण कुठे करायचं: बर्थ सेंटर, सरकारी रुग्णालय की घर?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिलंच बाळ, तिसावा आठवडा, आतापर्यंतच्या तपासण्या व्यवस्थित. आवाक्यात एक बर्थ सेंटर आहे, सरकारी रुग्णालय आहे आणि घरी येऊन बाळंतपण करणारी मिडवाइफही मिळू शकते. यातलं काय निवडावं?

आधी उत्तर देऊन टाकू. पहिल्या खेपेला घर नको. बर्थ सेंटर चालेल, पण ते रुग्णालयाच्या आवारातच असेल किंवा तिथून रुग्णालयात लवकर पोचता येत असेल, आणि पुढे दिलेल्या प्रश्नांना तिथे सरळ उत्तरं मिळत असतील तरच. यातल्या एकाही गोष्टीबद्दल मन साशंक असेल तर सरकारी रुग्णालय धरा. तिथली गर्दी, गोंगाट, तुटक बोलणं यांचा त्रास होतो आणि तो खरा असतो. पण त्यावर बऱ्यापैकी उपाय करता येतात. कसे, ते पुढे येईलच.

बहुतेक कुटुंबं जागा बघायला जातात तेव्हा खोली बघतात: पलंग, टब, मंद दिवे, स्वच्छता. या गोष्टींना किंमत आहे, कारण घाबरलेल्या बाईच्या कळा मंदावतात. पण जागेची निवड दुसऱ्याच गोष्टीवर करायची असते. काही बिघडलं तर किती मिनिटांत, कोण आणि काय करू शकेल? तिन्ही जागांना हा एकच प्रश्न लावला की गोंधळ बराच कमी होतो.

‘बर्थ सेंटर’ या एका नावाखाली दोन वेगळ्या जागा

एक प्रकार रुग्णालयाच्याच इमारतीत किंवा आवारात असतो. मिडवाइफ बाळंतपण करतात आणि गरज पडली तर बाईला स्ट्रेचरवरून किंवा चाकाच्या खुर्चीवरून मुख्य प्रसूती कक्षात नेतात. दुसरा प्रकार स्वतंत्र. तिथे ऑपरेशन थिएटर नसतं, भूलतज्ज्ञ नसतो, रक्त नसतं, एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारी पाठीतली भूल) मिळत नाही. सोयींच्या बाबतीत स्वतंत्र सेंटर घराच्या जवळचं आणि रुग्णालयापासून लांबचं आहे, ही गोष्ट देखण्या खोलीमुळे विसरली जाते. फोनवर चौकशी करताना पहिलाच प्रश्न हा विचारा: सीझर करायचं ठरलं तर तुम्ही मला कुठे नेता, कशाने नेता, आणि तिथे तुमची वाट बघणारं कोणी असतं का?

जागेच्या आधी बाई बघायची

काही बाबतींत निवडीचा प्रश्नच उरत नाही, रुग्णालयच लागतं. आधीचं सीझर, जुळं, छत्तिसाव्या आठवड्यानंतरही पायाळू किंवा आडवं असलेलं बाळ, गर्भपिशवीच्या तोंडावर आलेली वार, १४०/९० किंवा त्याच्या वरचं ब्लड प्रेशर, इन्सुलिन लागणारा मधुमेह, हृदयविकार, झटके, ३७ आठवडे भरण्याआधी सुरू झालेल्या कळा, वाढ खुंटलेलं बाळ, मागच्या बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव किंवा हाताने काढावी लागलेली वार. सीझरचंच उदाहरण घ्या. कळा येऊ दिल्या तर जुना व्रण उसवण्याची शक्यता साधारण २०० मध्ये १ असते. आकडा लहान वाटतो, पण व्रण उसवला की बाळाच्या हातात मोजकी मिनिटं उरतात. त्या मिनिटांत थिएटर तयार असावंच लागतं.

हिमोग्लोबिनचं वेगळं सांगायला हवं. गरोदरपणात ते ११ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. एखादी बाई अर्धा लिटर रक्तस्राव निभावून नेते, तोच रक्तस्राव हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला शॉकमध्ये नेऊ शकतो. तिसाव्या आठवड्यात हे कळलं तर लोहाच्या गोळ्यांना किंवा सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या लोहाला अजून आठ-दहा आठवडे मिळतात. अडतिसाव्यात कळलं तर हातात फारसं काही राहत नाही. म्हणून ही तपासणी आत्ता पुन्हा करून घ्या, मागच्या रिपोर्टवर विसंबू नका.

पहिल्या खेपेला घर का नको

या विषयावरचा सगळ्यात उपयोगी अभ्यास इंग्लंडमध्ये झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी जोखमीच्या साधारण ६४,५०० बायकांचं बाळंतपण ज्या जागी ठरलं होतं त्यानुसार त्यांचे गट केले. कळांदरम्यान किंवा जन्मानंतर लगेच बाळाचा मृत्यू, मेंदूला इजा, खांद्याच्या नसांना इजा अशा गंभीर घटना एकत्र मोजल्या. पहिलटकरणींमध्ये रुग्णालय ठरवलेल्या गटात त्या हजारी ५.३ होत्या, घर ठरवलेल्या गटात ९.३. बर्थ सेंटरच्या दोन्ही प्रकारांत मात्र रुग्णालयाच्या मानाने वाढ दिसली नाही. ज्यांचं आधी एक बाळंतपण झालं आहे त्यांच्यात घर आणि रुग्णालय यांत तसा फरक आढळला नाही. शिवाय घर आणि बर्थ सेंटर ठरवलेल्या बायकांमध्ये सीझरचं प्रमाण बरंच कमी होतं. ज्यांना बर्थ सेंटर हवं असतं त्यांचा आग्रह म्हणूनच नुसता हट्ट म्हणून उडवून लावू नये.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा निवड करताना जास्त उपयोगाचा आहे. पहिलटकरणींपैकी घर ठरवलेल्या ४५ टक्के बायकांना रुग्णालयात हलवावं लागलं; स्वतंत्र बर्थ सेंटरमधून ३६ टक्के, आवारातल्या सेंटरमधून ४० टक्के. दुसऱ्या किंवा पुढच्या खेपेला हेच प्रमाण ९ ते १३ टक्क्यांवर येतं. म्हणजे पहिल्या बाळासाठी तुम्ही घर किंवा बर्थ सेंटर निवडता तेव्हा कळांच्या मध्यात केलेला एक प्रवासही त्यासोबत निवडता. बहुतेक वेळा हलवण्याचं कारण जीवघेणं नसतं: पिशवीचं तोंड पुढे उघडत नाही, बाई थकलेली असते, कळा सोसवत नाहीत, टाके थिएटरमध्ये घालावे लागतात. तरीही प्रवास हा प्रवासच.

आणि हे आकडे ज्या व्यवस्थेतले आहेत ती डोळ्यांपुढे ठेवा. प्रशिक्षित, नोंदणीकृत मिडवाइफ, हाताशी औषधं, बोलावली की येणारी रुग्णवाहिका, पुढच्या दवाखान्याशी रोजचा संबंध. यातलं एक जरी नसेल तर हे आकडे तुम्हाला लागू होत नाहीत. नुसती अनुभवी शेजारीण किंवा धीर देणारी डुला यांच्या भरवशावर घरी थांबणं हा या तीन पर्यायांतला पर्यायच नाही. डुला बाईला खूप आधार देते, तिचं महत्त्व आहे, पण रक्तस्राव थांबवण्याचं शिक्षण तिला नसतं.

बिघडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी

पहिलं, आईचा रक्तस्राव. दिवस भरलेल्या गर्भपिशवीकडे मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असतं. वार सुटली की पिशवी आकसून उघड्या रक्तवाहिन्यांना आवळून धरते. ती आकसली नाही, सैल राहिली, तर रक्त किती लवकर जाईल हे वरच्या आकड्यावरून समजेल. जास्तीच्या रक्तस्रावाच्या दहापैकी सुमारे सात वेळा कारण हेच असतं. बाकीच्यांत वारेचा तुकडा आत राहणं, पिशवीच्या तोंडाला किंवा मायांगाला पडलेली चीर आणि रक्त न गोठणं.

प्रतिबंध साधा आहे: बाळ बाहेर आल्याबरोबर आईला ऑक्सिटोसिनचं, म्हणजे गर्भपिशवी आकसवणाऱ्या औषधाचं, १० युनिटचं इंजेक्शन. ते घरीही देता येतं, देणारी व्यक्ती आणि औषध दोन्ही असतील तर. पण ऑक्सिटोसिन उष्णतेत निकामी होत जातं. ते २ ते ८ अंशांवर ठेवावं लागतं. म्हणून जागा बघायला जाल तेव्हा ‘ऑक्सिटोसिन आहे का’ एवढंच विचारू नका. ते कुठे ठेवता, दाखवाल का, असं विचारा. फ्रीज उघडला गेला, आत थर्मामीटर दिसला, डब्यावर तारीख दिसली, तर त्या जागेबद्दल पुष्कळ काही कळलं. कपाटातल्या ट्रेमधून कुपी निघाली तरी कळलं. घरी येणारी मिडवाइफ असेल तर ती औषध बर्फाच्या डब्यातून आणते का, हे बघा.

रक्तस्रावाबद्दलच आणखी एक गोष्ट, रक्त मोजण्याची. डोळ्यांनी लावलेला अंदाज नेहमी कमी पडतो. चादरीत मुरलेलं, बादलीतल्या पाण्यात मिसळलेलं रक्त कोणी मोजत नाही. खाली मापाच्या खुणा असलेली पिशवीवजा प्लास्टिकची चादर बाईच्या कमरेखाली अंथरली तर ५०० मिलिलिटरची खूण सरळ दिसते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांवर बाळंतपणं झाली. त्यांतल्या एका गटातल्या रुग्णालयांनी ही चादर वापरली आणि रक्तस्राव दिसताच गर्भपिशवीला मालिश, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव रोखणारं औषध), सलाइन आणि तपासणी हे सगळं एकामागून एक न करता एकदम सुरू केलं. लिटरभरावरचा रक्तस्राव, त्यापायी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, असं काही ओढवण्याचं प्रमाण तिथे नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांच्या मानाने ६० टक्क्यांनी कमी राहिलं. नवं यंत्र नाही, महागडं औषध नाही. म्हणून तिन्ही जागांना विचारण्यासारखा प्रश्न: रक्त कशाने मोजता?

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून, बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत द्यायचं असतं, आणि दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा साधारण दहा टक्क्यांनी उतरत जातो. म्हणजे ‘पोचल्यावर तिकडे देतील’ असं म्हणणारी जागा तो फायदा वाटेत गमावते. सलाइन, ऑक्सिटोसिन आणि हे औषध निघण्यापूर्वी सुरू व्हायला हवं. त्यानंतर ज्या गोष्टी लागू शकतात, म्हणजे रक्त, भूल देऊन वार काढणं, शस्त्रक्रिया, त्या घरात किंवा स्वतंत्र सेंटरमध्ये नाहीतच.

बिघडण्याचं दुसरं ठिकाण म्हणजे बाळाचं पहिलं मिनिट. शंभरातली साधारण दहा बाळं जन्मल्यावर आपणहून श्वास घ्यायला थोडी मदत मागतात. बहुतेकांना कोरडं पुसून पाठ चोळणं पुरतं. काहींना मास्क लावून हवा द्यावी लागते, आणि ती पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हावी लागते. त्यासाठी लागते दाबली की पुन्हा आपोआप फुगणारी पिशवी, दिवस भरलेल्या आणि लहान बाळाला बसतील असे दोन आकाराचे मास्क, आणि सराव असलेला हात. मास्क तळहातावर घट्ट दाबून पिशवी दाबली की हाताला हवेचा दाब जाणवला पाहिजे आणि सोडली की ती लगेच फुगली पाहिजे. ही तपासणी प्रत्येक बाळंतपणाआधी व्हायला हवी. बाळाला लावल्यावर मिनिटाला ४० ते ६० वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती वर आलेली दिसायला हवी. छाती हलत नसेल तर मास्क नीट बसलेला नाही किंवा मान फार वाकली आहे. नुसती जोरात दाबून उपयोग होत नाही.

पिशवी खोक्यात सीलबंद असेल, किंवा ती कपाटात आणि कपाटाची किल्ली भलत्याकडेच असेल, तर ती नाही असंच समजा.

यातूनच एक अट निघते जिच्यावर तडजोड करू नये: बाळ बाहेर येताना खोलीत दोन प्रशिक्षित माणसं हवीत. आईला रक्तस्राव आणि बाळाचा श्वास अडलेला, हे एकाच वेळी होऊ शकतं. एकट्या मिडवाइफला तेव्हा दोघांतून एकाला निवडावं लागतं, आणि ती वेळ कोणावरही आणू नये. खोली २५ अंशांच्या आसपास उबदार, पंखा बंद, दोन कोरडी कापडं तयार.

मिनिटं कशी मोजायची

‘रुग्णालय पंधरा मिनिटांवर आहे’ हे वाक्य जवळपास नेहमी चुकीचं असतं, कारण त्यात फक्त रस्ता धरलेला असतो. खरा हिशोब असा: हलवायचं ठरवायला लागलेला वेळ, गाडी दारात यायला लागलेला वेळ, बाईला जिन्यावरून खाली आणणं, रस्ता, फाटकापासून प्रसूती कक्षापर्यंत, तिथे कागद आणि पहिली तपासणी, मग थिएटरची आणि भुलेची तयारी. प्रत्येकापुढे आकडा लिहा. पंधराचे पन्नास सहज होतात. एकदा रात्री आणि एकदा गर्दीच्या वेळी खरोखर जाऊन बघा, आणि फाटकावर थांबू नका. प्रसूती कक्षाच्या दारापर्यंत जा, कारण रात्री कोणतं दार उघडं असतं हे तिथे गेल्यावरच कळतं.

थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागचा उशीर तीन टप्प्यांत मांडला: ठरवायला, पोचायला आणि पोचल्यावर उपचार मिळायला. कुटुंबाच्या हातात सगळ्यात जास्त आहे तो पहिला टप्पा, आणि तिथे बराच वेळ जाऊ शकतो. ‘अजून अर्धा तास बघू’ हे वाक्य दोन-तीनदा म्हटलं की दीड तास गेलेला असतो. म्हणून आधीच ठरवून ठेवा की हलवण्याचा निर्णय मिडवाइफचा असेल आणि ती म्हणाली की कोणी वाद घालणार नाही. बाईने स्वतः ‘मला जायचंय’ म्हटलं तरी निघायचं. वरिष्ठ मंडळींनाही हे आत्ताच सांगा, कळा सुरू असताना नव्हे.

ताबडतोब निघायची कारणं कागदावर लिहून ठेवा: पाणी हिरवट किंवा रक्ताळलेलं, कळांमध्ये ताजं रक्त जाणं, ३८ अंशांवर ताप, ब्लड प्रेशर १४०/९० किंवा जास्त, डोकं ठणकणं आणि डोळ्यांपुढे अंधारी, बाळाचे ठोके ११०च्या खाली किंवा १६०च्या वर राहणं, हालचाल मंदावणं, तोंड पूर्ण उघडल्यावर पहिलटकरणीचं बाळ दीड-दोन तासांत खाली न सरकणं, इंजेक्शन देऊनही अर्ध्या तासात वार न पडणं. तोंड पूर्ण उघडल्यावर तीन तास होईपर्यंत थांबू नका; तीन तास ही निघायची वेळ नाही, बाळ हातात असायची वेळ आहे.

ठोके कधी ऐकतात, हेही विचारून ठेवा. कळा जोरात असताना दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाई जोर करत असताना दर ५ मिनिटांनी, कळ ओसरल्यावर निदान पूर्ण एक मिनिट. जिथे ‘मधूनमधून ऐकतो’ असं उत्तर मिळतं, ती जागा कितीही छान असली तरी सोडा.

सरकारी रुग्णालय निवडलं तर

आणीबाणीच्या बाळंतपणासाठी नऊ गोष्टी धरल्या जातात: शिरेतून अँटिबायोटिक, गर्भपिशवी आकसवणारं औषध, झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट, हाताने वार काढणं, आत राहिलेले तुकडे काढणं, व्हॅक्यूम किंवा चिमट्याने बाळंतपण, बाळाला श्वास देणं, सीझर आणि रक्त. पहिल्या सात असतील तर ते प्राथमिक केंद्र, नऊही असतील तर सर्वसमावेशक. फलकावर काय लिहिलं आहे त्यापेक्षा ‘रविवारी रात्री दोन वाजता सीझर होतं का, रक्त आवारातच आहे की आणावं लागतं’ हे विचारा. काही सरकारी रुग्णालयं दिवसा नऊही गोष्टी देतात आणि रात्री पुढे पाठवतात. तसं असेल तर थेट पुढचंच रुग्णालय निवडा.

तिथे बिघडतं ते बहुधा माणसं कमी पडल्याने. कळा वाढवायची ड्रिप लावतात आणि ठोके ऐकायला कोणी फिरकत नाही. हे धोक्याचं आहे, कारण कळा फार लागोपाठ आल्या तर बाळाला दोन कळांमध्ये प्राणवायू पुरत नाही. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येत असतील तर सोबतच्या माणसाने लगेच नर्सला बोलवावं. सरसकट छेद (बाळाची वाट मोठी करायला मायांगाच्या तोंडाशी दिलेला काप) घेणं आणि बाळ लवकर यावं म्हणून वरून पोट दाबणं, या दोन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत नाकारल्या आहेत. शांतपणे, आधीच सांगा: ‘गरज असेल तर छेद घ्या, पण आधी मला सांगा, पोट दाबू नका.’

लवकर भरती होणं हीही एक अडचण ठरते. त्याच शिफारशींनुसार तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यावर खऱ्या अर्थाने कळांचा जोरकस टप्पा सुरू होतो, आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा नियम नाही. दोन सेंटिमीटरवर जाऊन पडून राहिलं की ‘प्रगती नाही’ असा शिक्का लवकर बसतो आणि ड्रिप लागते. सगळं नॉर्मल असेल, पाणी गेलेलं नसेल, घर जवळ असेल तर सुरुवातीचे तास घरी चालत-फिरत, खात-पीत काढता येतात. घर लांब असेल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही.

सोबतीला एकच माणूस ठरवा, जो आत राहू दिला जाईल आणि घाबरणार नाही. त्याच्याकडे वही आणि घड्याळ: पाणी कधी गेलं, ठोके कधी ऐकले, किती आले, कोणतं इंजेक्शन किती वाजता. सलग सोबत असलेल्या बायकांना आपोआप बाळंत होण्याची शक्यता जास्त असते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. रुग्णालय सोबत्याला आत घेतं का, हे आताच विचारा. नाही म्हणालं तर कोणाच्या परवानगीने घेईल, तेही विचारा. आणि बाळंतपणानंतर निदान चोवीस तास तिथेच राहा.

हे एकदाच ठरवून मोकळं होता येत नाही

छत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा बघा: बाळ डोक्याकडून आहे का, ब्लड प्रेशर, हिमोग्लोबिन, वारेची जागा. कळा सुरू झाल्यावर पुन्हा बघा. बर्थ सेंटर निवडलं असलं तरी रुग्णालयात नाव नोंदवून एक फाइल करून ठेवा, म्हणजे हलवावं लागलं तर तिथे तुम्ही अनोळखी नसाल. रक्तगट, शेवटचे रिपोर्ट, सोनोग्राफी, ॲलर्जी आणि चालू औषधं यांची एक प्रत त्या फाइलमध्ये, एक पिशवीत, एक सोबत्याच्या फोनमध्ये. प्रसूती कक्षाचा थेट नंबर दोन फोनमध्ये टाका आणि एकदा लावून बघा, रात्री.